झाडण

लक्ष्मीपुरीत गाडी लागली की नाही
हे मला फोनवरून कळत नाही,
बायाक्काच्या सुपावरून कळतं.

पोत्यात आकडा घुसतो, आकडा निघतो,
त्या भोकातून जे गळतं
ते ना शेठचं, ना हमालाचं.
तीस वर्षं ते बायाक्काचं.
कुठल्या वहीत त्याची नोंद नाही, माझ्याही नाही,
आणि मी तर सुतळीच्या गुंड्याचाही हिशेब ठेवणारा दिवाणजी.

सोमवारी सुपात शाळू होता, थोडे खडे, एक बटण.

मंगळवारी कुणीतरी कुणाच्या तरी मोबाईलवर
काहीतरी पाहिलं.
मी पाहिलं नाही. शटर पडताना ऐकलं फक्त,
पहिलं कोपऱ्यावरच्या तेलवाल्याचं, मग सगळ्या गल्लीचं,
मग आमचं.
संध्याकाळी नेट गेलं.

विजयपूरच्या गाड्या मिरजेच्या अलीकडेच उभ्या राहिल्या.
ड्रायव्हर म्हणाला, काच फुटली तर मालक पगारातून कापतो,
तुम्ही देणार का लिहून?
कुणी लिहून दिलं नाही.

माल नव्हताच असंही नाही.
गोदामात साठ पोती होती.
गोदामाची किल्ली शेठच्या कमरेला,
शेठ घरात,
घराला आतून कडी.

बावन्नचा शाळू अठ्ठावन्न झाला, मग चौसष्ट.
भाव फळ्यावर मीच लिहितो, खडूने.
त्या आठवड्यात माझं ओलं फडकं वाळलं नाही.

शिरोलीला मालन साळोखेची खानावळ.
फौंड्रीतली चाळीस माणसं तिच्याकडे जेवायची.
दोन भाकरीच्या दीड झाल्या, मग एक,
मग पाटीवरचा ‘पोटभर’ हा शब्द
तिने ओल्या बोटाने पुसला. ‘जेवण’ तेवढं राहिलं.
बालेश्वरकडची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन
दोन रात्री स्टेशनावर बसली, तिसऱ्या दिवशी गेली.
भाकरीमुळे गेली का त्या मोबाईलमुळे,
मालनला विचारलं तर ती म्हणाली,
दोन्ही एकाच ताटात होतं की ओ.

नऊ माणसांवर भट्टी लागत नाही.
भट्टी नाही तर ओतीव नाही.
पुण्याच्या कंपनीने तीन दिवस वाट पाहिली
आणि कोइमतूरला फोन लावला.

इकडे आमच्या टोळीत अकरा नावं.
दस्तगीर मुल्लाणी चार दिवस आला नाही.
कुणी विचारलं नाही, का आला नाही म्हणून.
विचारलं नाही, म्हणजे माहीत होतं.
मलाही.
गैरहजेरीचं कारण, असा एक रकाना असतो.
त्यात ‘भीती’ लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.
मी ‘ताप’ लिहिलं.

बायाक्का रोज यायची. सकाळी सातला, खराटा घेऊन.
कोरडी फरशी झाडायची आणि जायची.
मी म्हटलं, काय मिळतंय गं?
म्हणाली, जागा जाईल न्हवं.

सातव्या दिवशी गाड्या आल्या.
पेपरात आलं, व्यवहार पूर्वपदावर.
भाव एकसष्टवर उतरला आणि तिथंच बसला,
पाहुण्यासारखा, पाय पसरून.

शेठनी मात्र एक शिकून घेतलं होतं.
आकडा बंद, म्हणाले. पोतं मिठीत धरून उतरवायचं.
दाणा सांडता कामा नये,
आता घट सोसायची नाही.

बायाक्का खांबाला टेकून उभी.
एक गाडी झाली. दुसरी झाली.
सूप काखेतच.

तिसऱ्या गाडीवर दस्तगीर होता.
शेठ चहाला गेले होते.
त्याने कमरेचा आकडा काढला, माझ्याकडे बघितलंही नाही,
आणि एका पोत्याला, एकाच, खालच्या अंगाला
टोचला.

संध्याकाळी वही. घट, सव्वा किलो.
पुढे कारणाचा रकाना.
बराच वेळ पेन हातात धरून बसलो,
मग पुन्हा ‘ताप’ लिहिलं.

बाहेर बायाक्का पाखडत होती.
खडेच जास्त होते.